बिनविस्तवाचा पदार्थ

कोस्ताबिलेची जीभ म्हणजे बुटाचा तळवा, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते सगळ्यांना त्यानंच सांगितलं होतं. आपली टिंगल दुसऱ्यानं करण्याआधी आपणच उरकून घ्यावी, म्हणजे निदान ती नीट तरी होते, असं त्याचं धोरण होतं. जन्मभर त्यानं समुद्रकाठच्या आग्रोपोलीपासून डोंगरातल्या गावांपर्यंत बस चालवली. बायकोनं, म्हणजे आसुन्तानं, पहाटे उठून करून दिलेला डबा तो शेवटच्या थांब्यावर स्टिअरिंगला टेकवून खायचा, आणि डबा धुताना आत वांगं होतं की मासा, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. संध्याकाळी आसुन्ता विचारायची, "कसं होतं?" तो म्हणायचा, "छान."

हे 'छान' त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आसुन्तानं घेवड्याचं सूप केलं होतं आणि नवऱ्यानं चमचा तोंडात घालून, काही वाईट मनात नसताना, "आईच्या हातचं जरा वेगळं लागतं" एवढंच म्हटलं होतं. आसुन्तानं ताटली उचलली आणि त्याला सांगितलं, "मग जा आईकडे." तो गेला. आईनं विचारलं, सुनेशी भांडून आलास का? तो हो म्हणाला, तर तिनंही दार लावून घेतलं. त्या रात्री उपाशीपोटी बसच्या डेपोत झोपून त्यानं जे शहाणपण मिळवलं ते त्याला पुढं आयुष्यभर पुरलं. सूप असो, ससा असो, ईस्टरचा गव्हाचा गोड केक असो, त्याचं उत्तर ठरलेलं. आसुन्ताही ते उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण तिला त्याच्या मताची गरजच नव्हती. तिची स्वतःची जीभ होती आणि ती गावात नावाजलेली होती.

मग फेब्रुवारीत आसुन्ताला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तो तिचा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पहिल्यांदा हे कोस्ताबिलेच्याच लक्षात आलं, आणि त्यात त्याची काही हुशारी नव्हती. तो अंगणात होता, दूध उतू जाऊन जळल्याचा वास तिथपर्यंत येत होता, आणि आत आसुन्ता त्याच शेगडीशेजारी उभी राहून शांतपणे कांदा चिरत होती. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. आसुन्तानं त्याला एवढंच बजावलं, "कुणाला सांगितलंस तर बघ. तुझ्या बहिणीला तर मुळीच नाही."

त्याची बहीण एर्सिलिया म्हणजे आसुन्ताची नणंद. चांगली बाई, पण दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी भिंतींचा रंग उडालाय का ते बघणारी.

ईस्टरला व्हायचं ते झालं. आसुन्तानं बटाटे घालून कोकरू भाजायला ठेवण्याआधी रश्शाचा चमचा कोस्ताबिलेपुढे धरला आणि हळूच विचारलं, "मीठ बघ." तो त्या वेळी बाटलीच्या बुचाशी झगडत होता. त्यानं चमचा चाटला आणि जिभेवर काय पडलं ते मेंदूपर्यंत पोचायच्या आत तोंडातून बाहेर पडलं, "छान." जेवायला बसल्यावर एर्सिलियानं पहिला घास घेतला, पाणी प्यायली, दुसरा घास घेतला, परत पाणी प्यायली. टेबलावरचा जग रिकामा झाला, पण कुणी चकार शब्द काढला नाही. कोस्ताबिलेनं मात्र पुन्हा वाढून घेतलं, मोठ्यानं 'छान' म्हटलं आणि रात्रभर पाणी पीत बसला.

आसुन्ताला चव कळत नव्हती, पण स्वयंपाकघरात भरलेल्याच परत आलेल्या ताटल्या दिसत होत्या. ती ओट्याला टेकून रडली. "तुला विचारलं होतं मी," ती म्हणाली. "एकदाच विचारलं. इतक्या वर्षांत एकदाच." कोस्ताबिलेनं मनातल्या मनात स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या, पण त्याही त्याला पुरेशा खारट वाटल्या नाहीत.

जुलैत एर्सिलिया सहज म्हणून आली आणि सहज म्हणून बोलली, "यंदा पंधरा ऑगस्टचं जेवण माझ्याकडे करू या का? तू आता दमतेस, आसुन्ता. वय झालं." एर्सिलिया तिच्यापेक्षा मोठी होती, पण ते तिच्या लक्षात आलं नसावं. पंधरा ऑगस्ट म्हणजे आसुन्ता मातेचा, देवाच्या आईला स्वर्गात नेल्याचा सण. म्हणजे त्या नावाच्या प्रत्येक बाईचा नावाचा दिवस, आणि लग्न झाल्यापासून त्या दिवशी सगळं घर आसुन्ताच्याच टेबलाभोवती बसत आलेलं.

"यंदा माझ्याकडेच," आसुन्ता म्हणाली. "जमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून तू कर."

नणंद गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "ईस्टरसारखं परत झालं, तर मी चमचा खाली ठेवणार. कायमचा. मग तुझी बहीण डबे पाठवेल, ते खात बसू."

ती बोलली म्हणजे ते करणार, हे कोस्ताबिलेला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: गच्चीत दोन खुर्च्या, एकीत तो, दुसरीत आसुन्ता, दोघंही रस्त्यावरच्या गाड्या बघत बसलेले. आपल्यासारखं एक माणूस घरात आहे तेच फार झालं, दोन झाली तर घर कोण चालवणार, या विचारानं तो उठून उभा राहिला.

"मी काय करू ते सांग," तो म्हणाला.

आसुन्तानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. भाजी घेताना वांग्याकडे बघायची तसं. "काप्रेसे कर," ती म्हणाली. "सुरुवातीची ताटली तुझी. तिथं शिजवायचं काही नाही, म्हणजे बिघडवायचंही काही नाही. टोमॅटो काप, मोझ्झारेला काप, बेसिलची पानं हातानं तोडून टाक, मीठ, तेल. झालं. टोमॅटो मी निवडून ठेवीन. मोझ्झारेला त्याच दिवशी सकाळी जाऊन आण."

"एवढंच?"

"एवढंच. गाढवसुद्धा करेल."

"म्हणजे उमेदवार योग्य निवडलास," कोस्ताबिले म्हणाला, आणि कित्येक आठवड्यांनी ती जराशी हसली.

आता अडचण अशी होती की त्या दिवशी सकाळी मोझ्झारेला आणणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे पंधरा ऑगस्टला सूर्य उगवायच्या आत म्हशींच्या डेअऱ्यांपुढे रांगा लागतात. ताजं, त्याच पहाटेचं, अजून कोमट असलेलं मोझ्झारेला, म्हणजे म्हशीच्या दुधाचं ते मऊ पांढरं चीज, ताटात नसेल तर माणसं सण झाला असं मानत नाहीत. गाड्या हमरस्त्यावर येतात, रस्ता अडतो, आणि त्या रस्त्यावरून कोस्ताबिलेची बस जायची. दर वर्षी तो खिडकीतून डोकं बाहेर काढून रांगेला ओरडून सांगायचा, "म्हैस संपली! घरी जा!" आणि भोंगा वाजवत निघून जायचा. बसमधली माणसं हसायची. घरी आल्यावर तो आसुन्तालाही हे सांगून हसायचा, आणि मग आसुन्तानं त्याच रांगेत उभं राहून आणलेलं मोझ्झारेला चवीनं, म्हणजे त्याच्या परीनं, खायचा.

त्या रांगेत आता त्यानं उभं राहायचं? रांगेतलं एकूण एक माणूस त्याला ओळखत होतं. "या या, ड्रायव्हरसाहेब! म्हैस सापडली का?" हे शब्द त्याला आदल्या आठवड्यापासून झोपेत ऐकू येत होते. जो माणूस दिवसभर स्वतःची टिंगल करतो, त्याला दुसऱ्यानं केलेली किती झोंबते, हे त्याला स्वतःलाही नवलच वाटलं.

म्हणून त्यानं एक युक्ती काढली. ती काढताना आपण भलतेच हुशार आहोत असं त्याला वाटलं, आणि असं वाटलं की काहीतरी अंगाशी येतं हा अनुभव असूनही तो थांबला नाही. चौदा तारखेला दुपारी, जेव्हा शहाणी माणसं झोपलेली असतात, तेव्हा तो डेअरीत गेला. काउंटरवर मालकीणबाई पंख्याखाली एकट्याच बसल्या होत्या.

"आज?" त्यांनी विचारलं. "सण उद्या आहे."

"आजच्यासाठी हवंय. उद्याचं उद्या बघू."

त्यांनी पांढरेशुभ्र गोळे त्यांच्या पाण्यासकट पिशवीत घातले. "आजच खायचं," त्या म्हणाल्या. "पाण्यातच ठेवा, ओट्यावर. फ्रीजमध्ये घातलंत तर मला तोंड दाखवू नका."

"मी काय तोरिनोहून आलोय?" कोस्ताबिले दुखावल्या स्वरात म्हणाला. तिकडे उत्तरेत मोझ्झारेला फ्रीजमधून काढूनच खातात, असं आमच्याकडे मानतात.

घरी पोचेस्तोवर त्याच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. ओट्यावर पिशवी ठेवली तर आसुन्ताला दिसणार. गॅरेजमध्ये ठेवली तर या उकाड्यात उद्यापर्यंत आंबून जाणार. गॅरेजमध्ये त्याचा एक जुना फ्रीज होता. त्यात वाइन असायची आणि मासेमारीसाठी लागणाऱ्या किड्यांचा डबा. कोस्ताबिले त्या फ्रीजपुढे बराच वेळ उभा राहिला. मोझ्झारेला फ्रीजमध्ये घालू नये, हे आमच्याकडे पोरांना चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. पण एका रात्रीनं काय होतंय, असं तो स्वतःला म्हणाला. पिशवी गळत होती, म्हणून पाणीही मोरीत ओतून दिलं. मग गोळे एका ताटलीत किड्यांच्या डब्याशेजारी ठेवून त्यानं दार लावलं, आणि पुन्हा उघडून किडे खालच्या कप्प्यात सरकवले. तेवढी स्वच्छता त्याला कळत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गाडी काढून रांगेत उभा राहायला गेला, म्हणजे बंदरावरच्या बाकावर जाऊन बसला. पुरेसा वेळ बसल्यावर त्यानं नळाखाली डोकं भिजवलं आणि घरी आला. "काय ती रांग!" दारातूनच त्यानं सुरुवात केली. "मरणाचं ऊन. एक बाई तर बेशुद्धच पडली. हिरव्या झग्यातली. तिला पंख्यानं वारा घालावा लागला." कुणी विचारलंही नव्हतं. पण थाप मारताना तपशील किती द्यावेत, याचं भान त्याला कधीच नव्हतं.

स्वयंपाकघरात आसुन्ता टोमॅटोचा सॉस ढवळत होती. भट्टीत भाजायच्या मॅकरोनीवर तो जायचा होता. तिनं चमचा भरला, फुंकला आणि त्याच्यापुढे धरला. "मीठ?"

त्याचं सगळं लक्ष हातातल्या पिशवीकडे होतं, जिच्यात त्यानं गोळे परत भरले होते. ती गॅरेजमधून आणताना फारच गार लागत होती. "छान," तो म्हणाला.

आसुन्ता चमच्याकडे बघत राहिली. मग मिठाच्या डब्याकडे. ईस्टरच्या ताटल्या तिला आठवल्या असणार, कारण तिनं डबा जागच्या जागी ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. "तुला विचारून काय उपयोग," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतंच. कोस्ताबिलेला ते रागापेक्षा जास्त लागलं.

तो आपल्या कोपऱ्यात टोमॅटो घेऊन बसला. आसुन्तानं बाजारात एकेक देठापाशी अंगठ्यानं दाबून निवडले होते. मोठे, वळ्यावळ्यांचे, आम्ही ज्यांना बैलाचं काळीज म्हणतो ते. कापताना त्यांचा रस पाटावरून ओघळला. मोझ्झारेलाचं मात्र तसं काही झालं नाही. एरवी आसुन्ता सुरी घालते तेव्हा आतून दूध भळभळ वाहतं आणि पाट पुसता पुसता पुरेवाट होते. आज एक थेंब सांडला नाही. चकत्या कशा सरळ, एकसारख्या पडल्या. बायका उगाच या कामाचं स्तोम माजवतात, असं कोस्ताबिलेला वाटलं. लाल चकती, पांढरी चकती, वर हिरवं पान, असा गोल त्यानं थाळीत मांडला, मीठ भुरभुरलं, ऑलिव्हचं तेल सोडलं आणि दोन पावलं मागे जाऊन डोकं तिरकं करून पाहिलं. एखाद्या मासिकात छापावी अशी थाळी झाली होती, आणि ते बघून त्याचा ऊर भरून आला. यातच त्याला शंका यायला हवी होती.

दुपारी मंडळी जमली. एर्सिलिया आणि तिचा नवरा दोनातो. हा माणूस पोटभर जेवायचा आणि पाव वाक्य बोलायचा. शिवाय कोस्ताबिलेची मुलगी मिरेल्ला, जिला त्यानं दारातच त्या बेशुद्ध बाईची गोष्ट ऐकवली होती, आणि तिचा नवरा एदोआर्दो, जो खरोखरच तोरिनोहून आला होता. आसुन्तानं निळा झगा घातला होता. ती टेबलाच्या टोकाला बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते, ते फक्त कोस्ताबिलेला दिसत होतं.

त्यानं थाळी मध्यभागी ठेवली. "माझ्या हातची," तो म्हणाला. "ज्यांनी विमा उतरवलेला नाही त्यांनी फक्त पाव खावा."

एदोआर्दो हसला आणि त्यानं लगेच एक चकती तोंडात टाकली. दोनातोचा काटा उचललेला होता, पण एर्सिलियानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "आधी आसुन्ता. तिचा नावाचा दिवस. घे ग आसुन्ता, चाखून सांग, माझ्या भावानं काय दिवे लावलेत ते. तुझ्या जिभेला सगळं कळतं."

हे ती गोडच बोलली, पण बोलताना आसुन्ताच्या तोंडावरची नजर हलवली नाही. ईस्टरपासून तिला संशय होता आणि आज ती त्याची खात्री करून घ्यायलाच आली होती. कोस्ताबिले मनात हिशेब करू लागला. आता आसुन्ता काय सांगणार? 'गोड आहे', 'मीठ बरोबर आहे', असं काहीबाही ठोकून देणार, आणि मीठ तर त्यानं घातलं होतं. म्हणजे ते बरोबर नसण्याचीच शक्यता जास्त.

आसुन्तानं काटा घेतला आणि पांढऱ्या चकतीवर टेकवला. चकती दबली आणि पुन्हा वर आली. तिनं परत दाबलं. मग थाळी जराशी तिरकी करून तळाशी पाहिलं. तिथं फक्त टोमॅटोचा रस आणि तेल होतं, दुधाचा मागमूस नव्हता. तिनं चकती सुरीनं कापली आणि कान दिला, तर सुरी नुसती करकरली. मग काटा खाली ठेवला.

"कोस्ताबिले," ती म्हणाली. "हे फ्रीजमध्ये होतं."

घास चावणारा एदोआर्दो थांबला. "मला तर छान लागतंय," तो म्हणाला. "थोडं व्हिनेगर असेल तर..." त्याच क्षणी मिरेल्लानं टेबलाखालून त्याला लाथ मारली असावी, कारण तो पुढं काही बोलला नाही.

एर्सिलियानं एक तुकडा तोंडात घातला, चावला, आणि तिचे डोळे विस्फारले. दोनातोनंही चाखलं. "रबर," तो म्हणाला, आणि त्या दिवसाचं आपलं बोलणं संपवलं.

"फ्रीजमध्ये!" एर्सिलिया किंचाळली. "आमच्या आईच्या पोटच्या पोरानं! आणि हिनं तर अजून तोंडातसुद्धा घातलं नाही! नुसतं बघून ओळखलं!" ती भावजयीकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचा तो शोधकपणा बघता बघता विरला. "आणि मी मेली काय काय समजत होते," ती पुटपुटली. मग सगळी भावाकडे वळली. "आणि ती बेशुद्ध पडलेली बाई? मिरेल्लानं सांगितलं मला. हिरव्या झग्यातली?"

"ती..." कोस्ताबिले म्हणाला, "ती बरी आहे आता."

टेबलाभोवती हशा फुटला. मिरेल्ला डोळे पुसून पुसून हसत होती. कोस्ताबिलेचे कान लाल झाले, खरंच लाल झाले. जन्मभर स्वतःची फजिती वाटेल तशी वाटत फिरलेला तो, पण ही त्याच्या हातची नव्हती, ही खरी होती. इतक्यात आसुन्ता भट्टीतून मॅकरोनी घेऊन आली आणि वाढून वांगी आणायला परत आत गेली. कोस्ताबिलेनं घास घेतला. आयुष्यात प्रथमच तो घाबरलेल्या माणसासारखं, लक्ष देऊन चावत होता. आणि त्याला चव लागली. म्हणजे लागली नाही. मॅकरोनीत मीठ नव्हतं. पार अळणी, धुतलेल्या फडक्यासारखी.

त्यानं वर पाहिलं. दोनातोचा हात मिठाच्या डबीकडे निघाला होता. एर्सिलियाही चावता चावता किंचित थांबली होती.

"पाणीसुद्धा ओतून दिलं मी," कोस्ताबिले मोठ्यानं म्हणाला.

एर्सिलियाची मान झटकन वळली. "कसलं पाणी?"

"मोझ्झारेलाचं. मोरीत. पिशवी गळत होती."

"मोरीत!"

"आणि बंदरावर बसून डोकं भिजवलं, घाम आल्यासारखं दिसावं म्हणून. एका कोळ्यानं विचारलं, बरं नाही का. म्हटलं, रांगेत उभा आहे."

मग तो थांबलाच नाही. रांगेवर ओरडायचा ते सांगितलं, भोंग्यासकट. डेअरीतल्या मालकीणबाईंना कसं छातीठोकपणे विचारलं होतं, मी काय तोरिनोहून आलोय, तेही सांगितलं, आणि मग जावयाची माफी मागितली. एकीकडे मिठाची डबी टेबलाभोवती हातोहात फिरत होती, आणि प्रत्येकजण तिच्यातून मीठ घेताना कोस्ताबिलेला नावं ठेवण्यात इतका गुंतला होता की आपण मीठ का घेतोय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आसुन्ता वांगी घेऊन बाहेर आली तेव्हा त्यानं डबी पावाच्या टोपलीमागे सरकवली. जन्मभर केलेला हा एकच धंदा, स्वतःचं हसं करून घ्यायचा, आज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला, असं त्याला वाटलं, आणि वाटून बरं वाटलं.

निघताना एर्सिलियानं आसुन्ताचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. "पुढच्या वर्षीही इथंच," ती म्हणाली. "पण मोझ्झारेला मी आणणार. आणि याला बांधून ठेवणार."

संध्याकाळी घर रिकामं झालं. कोस्ताबिले ताटल्या पुसत होता, आसुन्ता धुत होती. खिडकीतून समुद्रावरचा वारा आत येत होता. तिनं शेवटची ताटली त्याच्या हातात दिली. मग पाण्याचा नळ बंद करून त्याच्याकडे वळली.

"तू हे मुद्दाम केलंस का?" तिनं विचारलं. तिचा आवाज हळू झाला होता. "एर्सिलिया मला विचारणार हे तुला माहीत होतं. म्हणून फ्रीजमध्ये ठेवलंस? माझ्या हाताला कळेल म्हणून?"

कोस्ताबिलेच्या हातातली ताटली तिथंच थांबली. असा प्रश्न त्याला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. नुसती मान हलवायची होती. एवढ्यावर तो उरलेलं आयुष्य हीरो म्हणून काढू शकला असता, गच्चीतल्या खुर्चीत, पाय पसरून.

"नाही," तो म्हणाला. "रांगेतली माणसं हसतील म्हणून घाबरलो. मला काही म्हणजे काही सुचलेलं नव्हतं. किड्यांच्या डब्याशेजारी ठेवलं होतं."

"किड्यांच्या?"

"खालच्या कप्प्यात सरकवले होते."

आसुन्ता त्याच्याकडे बघत राहिली आणि मग ओट्याला धरून हसायला लागली. हसता हसता खाली स्टुलावर बसली. "हे खरं असणार," ती म्हणाली. "असलं कुणाला बनवून सांगता येणार नाही. एदोआर्दोला कळू देऊ नकोस."

ती हसायची थांबल्यावर कोस्ताबिलेला कळलं की आता दुसरं सांगावं लागणार. न सांगूनही चाललं असतं. दिवस पार पडला होता, नणंद हरली होती. सांगितलं तर ती चमचा खाली ठेवेल, कायमचा, तसं तिनं बजावलंच होतं. 'छान' हा शब्द त्याच्या ओठावर येऊन तयार उभाही होता, जुन्या नोकरासारखा.

"आसुन्ता," तो म्हणाला, "मॅकरोनी अळणी होती."

तिनं मान वर केली.

"पार अळणी. सकाळी तू चमचा दिलास तेव्हा मी चाखलंच नव्हतं. मी कधीच चाखत नाही. सगळ्यांनी वरून मीठ घेतलं. तू आत होतीस. मी डबी लपवली."

तिनं हात फडक्याला पुसले, एकेक बोट. "म्हणून तू इतका बडबडत होतास," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"सकाळी का नाही चाखलंस?"

"सवय नाही," तो म्हणाला. "तू मला आईकडे पाठवलंस तेव्हापासून."

आसुन्ता उठली. कोस्ताबिलेला वाटलं, चमचा आता मोरीत पडणार. तिनं फडताळातून कढई काढली, गॅसवर ठेवली, तेल सोडलं. उरलेले टोमॅटो हातानंच त्यात चुरडले. मग त्याची थाळी ओढून त्या सगळ्या सरळ, देखण्या चकत्या कढईत लोटून दिल्या. फ्रीजमधलं मोझ्झारेला शिजवायच्याच लायकीचं उरतं. शिजलं की ते बिचारं वितळतं आणि माणसात येतं. टोमॅटो रटरटायला लागला. आसुन्तानं चमचा भरला, फुंकला आणि त्याच्यापुढे धरला.

"चाख," ती म्हणाली.

त्यानं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि बुटाच्या त्या तळव्याला कामाला लावलं. "कमी," तो म्हणाला.

तिनं चिमूट टाकली. "आता?"

"अजून थोडं."

तिनं अर्धी चिमूट टाकली, ढवळलं, परत चमचा पुढं केला. त्यानं चाखलं. त्याला त्या शब्दाची भीती वाटत होती. त्यानं पुन्हा एकदा चाखलं, अगदी खात्री होईपर्यंत.

"छान," तो म्हणाला.

आसुन्तानं गॅस बंद केला.